पश्चिमेची भिंत, चिऱ्याचं घर आणि शेड: पत्रा की पॉलिकार्बोनेट?

वाशिष्ठीकाठ (९ एप्रिल, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

चिपळूणला आमचं घर आहे, बाबांनी १९९४ साली बांधलेलं. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, आतबाहेर सिमेंटचं प्लास्टर, वर स्लॅब. पुढे पडवी आहे, पण मागे, म्हणजे पश्चिमेला, काहीच नाही. तिथे स्वयंपाकघराचं दार आणि एक मोठी खिडकी आहे. वरचा छज्जा नऊ इंचाचा, म्हणजे नावालाच. जून लागला की पाऊस आडवा येतो आणि दाराखालून पाणी थेट ओट्यापर्यंत. आई दाराशी पोती लावते आणि खिडकी चार महिने बंद.

यंदा पावसाआधी तिथे शेड करायचीच आहे. लांबी बारा फूट, भिंतीपासून बाहेर चार फूट. फॅब्रिकेटर बघून गेला. तो म्हणतो पॉलिकार्बोनेटची प्लास्टिक शीट घाला, उजेड राहील. बाबा म्हणतात पत्रा घाला, पुन्हा बघायला नको. आई म्हणते काहीही घाला, पण मे संपायच्या आत घाला. मी पुण्यात, त्यामुळे फोनवर तिघांचंही ऐकून घेतोय.

कोणी चिऱ्याच्या भिंतीवर असं काम केलंय का? पत्रा घ्यावा की पॉलिकार्बोनेट? अजून काय बघून घ्यावं?

कट्ट्यावरचा (९ एप्रिल, रात्री ९:५२)

तीन मतं आणि खर्च करणारा चौथा. काकूंच्या बाजूने माझं मत धरा.

पन्हळ (९ एप्रिल, रात्री १०:२०)

आमच्याकडे कोथरूडला गॅलरीवर पॉलिकार्बोनेट आहे. उजेड छान येतो, हे खरं. पण दोन गोष्टी. एक, मे महिन्यात त्याच्याखाली उभं राहवत नाही. पारदर्शक घेऊ नका, दुधी किंवा ब्राँझ रंगाचं घ्या. दोन, त्याला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो. ती बाजू वर यायला हवी. संरक्षक फिल्मवर तसं छापलेलं असतं, पण कारागीर घाईत फिल्म आधी सोलतो आणि मग कुठली बाजू कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. शेजारच्या विंगमध्ये एकांकडे शीट उलटी बसली, ती पिवळी पडून तडकली. तेव्हा फिल्म तुमच्या माणसासमोर काढायला लावा, आणि काढायला लावाच. काही जण ती तशीच ठेवून जातात, मग उन्हात भाजून ती अशी चिकटते की नखं झिजतात.

देवगडी (९ एप्रिल, रात्री ११:०५)

मागे माड आहे का, ते आधी सांगा. आमच्या न्हाणीघरावर पॉलिकार्बोनेट होतं, पोकळ प्रकारातलं. एका रात्री नारळ पडला तो सरळ बादलीत. नशीब आत कोणी नव्हतं.

आणि माड नसला तरी वानर असणारच. कौलांची त्यांनी काय दशा केली ते कोकणात कोणालाही विचारा. पॉलिकार्बोनेट तसं फुटत नाही सहजी, पण पोकळ शीटवर दहा किलोचा हुप्प्या झाडावरून उडी मारतो तेव्हा ती मधोमध दुमडते. एकदा दुमडली की संपली.

वाशिष्ठीकाठ (१० एप्रिल, सकाळी ८:१५)

माड कुंपणाला आहे, शेडपासून लांब. वानर मात्र आहेत. फॅब्रिकेटर पोकळ ६ मिमी म्हणतोय की भरीव, ते विचारून सांगतो.

सरवा (१० एप्रिल, सकाळी ९:३०)

पत्रा घ्या. रंगीत, ०.५ मिमीचा. फक्त आवाजाची तयारी ठेवा. आमच्या लांज्याच्या घरी जुलैत टीव्हीचा आवाज शेवटाला नेऊन ठेवतात आणि बाबा तरी म्हणतात की बातम्यांमध्ये हल्ली सगळे कुजबुजतात.

पन्हळ (१० एप्रिल, सकाळी ९:४१)

सरवा, लोल. पण आवाज पॉलिकार्बोनेटलाही होतो हो. थोडा बसका, इतकंच.

नट_बोल्ट (१० एप्रिल, दुपारी १:१०)

स्ट्रक्चरल डिझाइन हा माझा धंदा, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. पत्रा की पॉलिकार्बोनेट हा नंतरचा प्रश्न. शेड भिंतीला धरून राहणार कशी, हा पहिला. धाग्यात आतापर्यंत ते कोणीच विचारलेलं नाही.

शेडचं वजन ही काळजीची गोष्टच नव्हे. २ मिमीचं भरीव पॉलिकार्बोनेट चौरस मीटरला जेमतेम अडीच किलो भरतं. बारा बाय चार फूट म्हणजे साधारण साडेचार चौरस मीटर. पाइपांचा सांगाडा धरला तरी दोन माणसं उचलतील. आता वारा घ्या. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईला ४४ मीटर दिलाय. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब मिळतो: चौरस मीटरला ९०० न्यूटनच्या वर, म्हणजे ९३ किलो. साडेचार चौरस मीटरला चारशे किलोच्या पुढे. प्रत्यक्षात उंची, आडोसा, आकार यांचे गुणक लागून आकडा खालीवर होतो, पण अंदाज येईल. भिंतीला चिकटलेल्या शेडखाली वारा शिरला की पुढे भिंत, त्याला जायला वाट नाही. तो शेड वर उचलतो. म्हणजे शेड पडू नये म्हणून नव्हे, उडू नये म्हणून बांधायची असते.

आता तुमची भिंत. फॅब्रिकेटर बहुधा अँकर फास्टनर मारणार. नट आवळला की आतलं टोक फुलून भोकात घट्ट बसतं, ही त्याची युक्ती. काँक्रीटला ती उत्तम आहे. जांभा मऊ आणि सच्छिद्र. फास्टनर फुलला की चिरा आतल्या आत चुरतो. त्या दिवशी पाना लावून बघितलं तर घट्ट लागतो, म्हणून सगळे खूश. मग वाऱ्याने शेड रोज थोडी थोडी हलते आणि भोक मोठं होत जातं.

तीन मार्ग आहेत. पहिला, जमेल तिथे काँक्रीटमध्ये धरा. दार-खिडकीवरचं लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, किंवा स्लॅबचा बीम. ते कुठे आहे हे ड्रिल सांगतं: लाल भुकटी आली की चिरा, राखाडी आली की काँक्रीट. पहिल्या इंचाला प्लास्टरची राखाडी भुकटी येते, तिला भुलू नका. दुसरा, चिऱ्यातच धरायचं तर आरपार बोल्ट: १२ मिमीचा रॉड भिंतीतून आत काढायचा आणि दोन्हीकडे चार इंची, ६ मिमी जाडीची प्लेट लावायची. आतून दिसायला वाईट दिसतं, पण ते निघत नाही. तिसरा, केमिकल अँकर, जाळीच्या नळीसकट. भोक ब्रशने आणि फुंकणीने साफ करायचं, मगच केमिकल भरायचं. हे साफ करणं कोणी करत नाही, म्हणून माझा तिसऱ्यापेक्षा दुसऱ्यावर विश्वास.

काहीही करा, पण फास्टनरची लांबी मोजताना प्लास्टर धरू नका.

कट्ट्यावरचा (१० एप्रिल, दुपारी १:२५)

आतल्या प्लेटवर काकू मसाल्याचा डबा ठेवतील. वाचनखूण साठवली.

श्रीवर्धनची_सून (१० एप्रिल, दुपारी ३:००)

नट_बोल्ट यांना पूर्ण अनुमोदन. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आम्ही घरात बसून बघितलं. सासऱ्यांनी मागे पत्र्याची लांबलचक शेड केली होती, फास्टनर चिऱ्यातच. दुपारी वाऱ्याची दिशा बदलली आणि पत्रे नाहीत, तर अख्खा सांगाडाच उचलला गेला, भिंतीतल्या चिऱ्याच्या खपल्यांसकट. तो शेजारच्या वाडीतल्या सुपारीला जाऊन अडकला. पत्रे एकमेकांना इतके घट्ट स्क्रू केले होते की एकही सुटला नाही. नंतर सासरे म्हणाले, पत्रे सुटले असते तर सांगाडा तरी राहिला असता.

अर्धा_कोकणी (१० एप्रिल, सायंकाळी ५:४५)

मला एक कळत नाही. जागा आहे, अंगण आहे, मग भिंतीवर लोंबकळती शेड कशाला? बाहेरच्या बाजूला दोन खांब द्या आणि साधी उतरती पडवी करा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. भिंतीवर भारच नाही. पुढे करून ठेवलीय तशी मागे करा.

नट_बोल्ट (१० एप्रिल, सायंकाळी ६:२०)

अर्धा_कोकणी, मुद्दा बरोबर आहे. खांब दिले की भिंतीवरचा ताण निम्म्याहून कमी होतो. पण खांब नुसते फरशीवर उभे करून चालत नाही, उचल तेवढीच राहते. खाली दीड-दोन फूट खड्डा, काँक्रीट आणि त्यात खांबाला आडव्या सळ्या. नाहीतर पडवी खांबांसकट उडते.

वाशिष्ठीकाठ (१० एप्रिल, रात्री ९:००)

खूप आभार! खांब शक्य नाहीत. तिथे कपडे धुवायचा दगड, मोरी आणि आईची तुळस, कढीपत्ता, ओव्याच्या कुंड्या. आईने स्पष्ट सांगितलं, "खांब माझ्या डोक्यात रोवा." शिवाय शेजाऱ्यांचं कंपाउंड सहा फुटांवरच आहे.

फॅब्रिकेटर म्हणाला चार इंची अँकर फास्टनर, "साहेब, एवढी वर्षं हेच मारतोय."

कायद्याचं_बोला (१० एप्रिल, रात्री १०:१०)

कंपाउंड सहा फुटांवर आणि शेड चार फूट बाहेर, मग उताराचं पाणी कुठे पडणार? पागोळ्या शेजाऱ्याच्या हद्दीत पडल्या तर वाद होणारच, आणि खेड्यातले असले वाद पिढ्या टिकतात. १८८२ च्या ईझमेंट कायद्याने दुसऱ्याच्या जमिनीत पाणी सोडायचा हक्क वहिवाटीने मिळतो, पण त्याला वीस वर्षांची विनाअडथळा वहिवाट लागते. तुमच्या नव्या शेडला तसा हक्क नाही. पुढच्या कडेला पन्हळ लावा आणि पाइपने स्वतःच्या मोरीत सोडा. आणि काम काढण्याआधी शेजारच्या काकांना एकदा सांगून या. परवानगी म्हणून नाही, पण त्यांना आपल्याला विचारलं असं वाटायला हवं.

पावसाचा अंदाज हवा असेल तर: तासाला १०० मिमी पाऊस झाला तर तुमच्या शेडवर साडेचारशे लिटर पाणी पडतं. दर दोन मिनिटांना एक बादली.

पन्हळ (१० एप्रिल, रात्री १०:३०)

त्यात वरच्या भिंतीवरून उतरणारं पाणी धरा. पश्चिमेची भिंत पावसात सतत ओली असते, ते सगळं शेडवरच येतं.

जाता जाता, माझं नाव पन्हळ असल्याने बोलायचा हक्क बजावतो: पन्हळीचं तोंड मोठं ठेवा आणि त्यात जाळी घाला. पालापाचोळा पहिल्याच पावसात अडकतो.

सोसायटी_पीडित (११ एप्रिल, सकाळी ७:५०)

तुमचं स्वतंत्र घर आहे, मजा आहे. फ्लॅटवाल्यांनी मात्र आधी समितीची लेखी परवानगी घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरून काही बदल करायचा तर ती लागते. आमच्याकडे ती न घेता एकाने निळी, दुसऱ्याने हिरवी आणि तिसऱ्याने कुठल्यातरी नगरसेवकाच्या फ्लेक्सची शेड लावली. नेत्याचा हसरा चेहरा उलटा, आमच्या बेडरूमकडे बघतोय. दर सकाळी दर्शन.

कट्ट्यावरचा (११ एप्रिल, सकाळी ८:०५)

मतदान कोणाला केलंत ते सांगू नका.

म्युनिकची_मावशी (११ एप्रिल, दुपारी १२:३०)

इथे जर्मनीत प्रकार अगदी उलटा. आमच्या बाल्कनीवर गुंडाळता येणारं कापडी मार्किझ आहे. ऊन आलं की बाहेर, वारा आला की आत. त्याला वारा मोजणारा सेन्सर लावलाय, तो आपोआप गुंडाळतो. युरोपच्या मानकात त्याचे वाऱ्याप्रमाणे वर्ग असतात, आमचं दुसऱ्या वर्गातलं, ताशी ३८ किलोमीटरपर्यंतच. पावसात उघडं ठेवायचं तर उतार किमान १४ अंश हवा, नाहीतर कापडात पाणी साठून पोट सुटतं. भाड्याचं घर असेल तर आधी मालकाची परवानगी लागतेच, मागच्या भाडेकरूने त्याच मुद्द्यावर घर सोडलं म्हणे.

चिपळूणला याचा उपयोग शून्य, पण ऐकून मजा वाटली ना?

अर्धा_कोकणी (११ एप्रिल, दुपारी १:००)

ताशी ३८? आमच्याकडे त्याला झुळूक म्हणतात. हलकेच घ्या.

उन्हाळलेला (११ एप्रिल, दुपारी ४:१५)

धागा जरा हायजॅक करतो, माफ करा. माझी धायरीला पश्चिमेची खिडकी आहे आणि त्रास पावसाचा नाही, उन्हाचा. अडीच फुटी शेड लावून काही फरक पडेल का? फॅब्रिकेटर म्हणतो पडेल.

नट_बोल्ट (११ एप्रिल, सायंकाळी ५:३०)

उन्हाळलेला, दुपारी पडेल, संध्याकाळी नाही. मेच्या मध्याला पुण्यात तीन वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ५५ अंश वर असतो, तेव्हा अडीच फुटी शेड खिडकीवर साडेतीन फूट सावली देते. पाच वाजता सूर्य २७ अंशांवर येतो आणि तीच शेड फक्त सव्वा फूट झाकते. ऊन खिडकीतून थेट सोफ्यावर. पश्चिमेला आडवी शेड कमी आणि उभा पडदा जास्त, असा हिशोब.

संत्र्याची_साल (११ एप्रिल, सायंकाळी ६:४०)

+१. आम्ही नागपूरवाले म्हणूनच वाळ्याच्या ताट्या लावतो खिडकीबाहेर. पाणी मारलं की गार वारा आणि वास फुकट. बाहेरून लावायच्या बरं, आतल्या पडद्याने काही होत नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं. पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूची चिकही चालते. तुमच्या फॅब्रिकेटरला वाईट वाटेल, पण खर्च फारच कमी.

उन्हाळलेला (११ एप्रिल, सायंकाळी ७:०२)

धन्यवाद दोघांनाही. शेडचे पैसे वाचले, आता ताट्यांना कोण विचारतंय सोसायटीत ते बघतो. सोसायटी_पीडित, आधीच भीती वाटायला लागली.

सांध्यातली_ओल (१२ एप्रिल, सकाळी १०:२०)

मूळ विषयाकडे. पाच वर्षं हाच उद्योग केलाय, म्हणून सांगतो. शेडचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा भिंत आणि शेड जिथे मिळतात त्या एका रेघेत. कारागीर तिथे सिलिकॉनची एक सुंदर रेघ ओढतो, फोटो काढतो, पैसे घेऊन जातो. पहिला उन्हाळा गेला की सिलिकॉन प्लास्टरपासून सुटतं आणि पुढच्या पावसात पाणी भिंतीवरून सरळ खाली, खिडकीच्या चौकटीत. वर शेड आणि आत पाणी, म्हणजे डोक्यावर छत्री आणि खांद्यावर नळ.

बरोबर पद्धत अशी. शेडच्या दोन-तीन इंच वर प्लास्टरमध्ये ग्राइंडरने आडवी खाच मारायची, अर्धा ते पाऊण इंच खोल. ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी (फ्लॅशिंग) त्या खाचेत घुसवून वरची कड आत राहील अशी बसवायची, खालचा भाग शेडवर लोंबतो. खाच सिमेंट-पॉलिमरने बुजवायची, मगच सीलंट. पाणी पट्टीवरून शेडवर येतं, शेडमागे जात नाही. ग्राइंडरची धूळ स्वयंपाकघरात जाते, म्हणून आधी खिडकी बंद करा आणि काकूंना गावाला पाठवा.

सिलिकॉन घेताना बघा. आंबट वास येतो ते ॲसिटिक असतं, त्याने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. न्यूट्रल मागा. स्क्रूखालची रबरी वॉशर ईपीडीएमची घ्या, मऊ पीव्हीसीची नको.

आणखी एक. पॉलिकार्बोनेट उन्हात वाढतं, एका अंशाला मीटरमागे ०.०६५ मिमी, म्हणजे लोखंडाच्या पाचपटीच्या वर. बारा फुटी अखंड शीट असेल तर हिवाळ्याची पहाट आणि मेची दुपार यांत ४० अंशांचा फरक धरून ती साडेनऊ मिमी सरकते. म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी हवीत. ज्यांच्या शेडला दुपारी टाक-टाक आवाज येतो, ती शीट स्क्रूशी भांडत असते. पत्राही सरकतो, पण त्या मानाने फारच कमी.

सरवा (१२ एप्रिल, सकाळी १०:४५)

सांध्यातली_ओल, हे आधी का नाही सांगितलंत! आमच्याकडे दुपारी जो आवाज येतो तो भुताचा म्हणून आजीने नारळ फोडला होता.

देवगडी (१२ एप्रिल, सकाळी ११:३०)

नारळ पडला असता तरी चाललं असतं.

फुटपट्टी (१२ एप्रिल, दुपारी २:००)

वेल्डिंगबद्दल कोणी बोललं नाही. सांगाडा जागेवर वेल्ड करू देऊ नका, निदान खिडकीसमोर तरी. ठिणग्या काचेवर उडून तिथेच चिकटतात, काळे बारीक ठिपके राहतात. खरवडले की काच खरबरीत होते. आमच्या नव्या स्लायडिंग खिडकीवर आजही दिसतात. सांगाडा वर्कशॉपमध्ये जोडून आणायला सांगा, जागेवर फक्त बोल्ट. जिथे वेल्ड होईल तिथे दिवसाअखेर झिंक प्रायमर लागलाच पाहिजे, सांध्यापासूनच गंज धरतो. पाइप १६ गेजपेक्षा पातळ नको.

वाशिष्ठीकाठ (१३ एप्रिल, रात्री १०:३०)

किती माहिती दिलीत! फॅब्रिकेटरला फोन केला. आरपार बोल्टचं म्हटल्यावर तो म्हणाला, "पुण्याचे आहात ना तुम्ही?" पण तयार झाला. शेडच्या रेषेत लिंटेल आहे, तिथे ड्रिल करून राखाडी भुकटी आली तर फास्टनर, लाल आली तर आरपार. अर्धं अर्धं करायचं सुचलंय: दारावरच्या आठ फुटांत रंगीत पत्रा, खिडकीवरच्या चार फुटांत भरीव पॉलिकार्बोनेट. बाबांनाही बरं वाटेल आणि उजेडही राहील. उतार चार फुटांत एक फूट.

सांध्यातली_ओल (१३ एप्रिल, रात्री ११:०५)

झकास. म्हणजे १४ अंश, मावशींच्या जर्मन मानकात बसतंय. पत्रा आणि पॉलिकार्बोनेट जिथे एकमेकांवर चढतील ती बाजू वाऱ्याकडे उघडी ठेवू नका. पाऊस ज्या दिशेने येतो त्या दिशेची शीट वर, दुसरी खाली.

वाशिष्ठीकाठ (१९ जुलै, रात्री ९:१५)

हा धागा वर काढतोय. शेड मेच्या शेवटी बसली. लिंटेल निघालं अपेक्षेपेक्षा आखूड, फक्त दारावर. खिडकीच्या बाजूचे बोल्ट आरपार घ्यावे लागले. कट्ट्यावरचाचं भाकीत खरं झालं, आतल्या प्लेटवर आईने हळदीचा डबा ठेवला आहे.

दार कोरडं आहे. पोती गेली. फ्लॅशिंगची खाच कारागिराने एक तास कुरकुरत मारली, पण भिंतीतून एक थेंब नाही. पन्हळीचं पाणी मोरीत. शेजारचे काका स्वतः येऊन बघून गेले आणि आता त्यांनाही करायची आहे.

पण एक राहिलंय. नैर्ऋत्येकडून जोराचा सडाका आला की पाणी शेडच्या उघड्या बाजूने आत घुसतं आणि खिडकीचा दक्षिणेकडचा कोपरा ओला होतो. बाजूला काय लावावं? बाबा म्हणतात तिकडेही पत्रा ठोकूया.

नट_बोल्ट (१९ जुलै, रात्री ९:५०)

अजिबात ठोकू नका. बाजू पूर्ण बंद केली की वारा दोन्हीकडून अडतो आणि शेडला उचल वाढते. जे बोल्ट मेमध्ये मोजले ते एक बाजू उघडी धरून मोजले होते. सैल काहीतरी लावा, ज्यातून वारा पार होईल.

श्रीवर्धनची_सून (१९ जुलै, रात्री १०:१५)

झावळ्यांचा झाप बांधा दोरीने, वाऱ्यात जरा हलतो, पाऊस थांबतो. बायका अजून विणतात आमच्याकडे. नाहीतर हिरवी शेडनेट दुहेरी करून, खाली दोरीने ताणून. वरून हातभर मोकळी सोडा.

संत्र्याची_साल (१९ जुलै, रात्री १०:३०)

बांबूची चिक! पण पावसात बांबूला बुरशी धरते, म्हणून नकोच. नेट घ्या.

वाशिष्ठीकाठ (२० जुलै, सकाळी ८:०५)

झाप. आईचं मत झापालाच. नेटला ती "नर्सरी" म्हणते.

ओसरी_माझी (२० जुलै, सकाळी ९:२०)

उत्तम धागा, इतक्या वर्षांत शेडवर एवढं वाचलं नव्हतं. माझा एक प्रश्न. आमचं नवं घर चाकणला, भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकच्या. तिथे हेच सगळं लागू का? फॅब्रिकेटर उद्या यायचा आहे.

नट_बोल्ट (२० जुलै, सकाळी ९:४५)

सिपोरेक्स चिऱ्यापेक्षाही हलका आणि मऊ, साधा फास्टनर त्यात मारूच देऊ नका. आधी बीम आणि कॉलम कुठे आहेत ते नकाशात बघा, शेडची वरची रेघ बीमवर येईल अशी उंची ठरवा. खालचे ब्रॅकेट बीमवर येत नसतील तर आरपार बोल्ट, आतून सहा इंची प्लेट. नकाशा उद्या माणूस यायच्या आत काढून ठेवा, तो पायरीवर उभा राहून "इथेच मारतो" म्हणेल.